बाळाचं रक्त कमी आहे म्हणजे नक्की काय? लोहाच्या कमतरतेबद्दल पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मुलगी दहा महिन्यांची असताना तिच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिन ८.२ आलं. डॉक्टरांनी दोन मिनिटांत समजावलं, चिठ्ठीवर तीन ओळी लिहिल्या आणि आम्ही बाहेर पडलो. खरे प्रश्न घरी आल्यावर सुरू झाले. ड्रॉपर तोंडात कसा घालायचा? थुंकलं तर पुन्हा द्यायचं का? काळी शी बघून रात्री दोन वाजता कोणाला विचारायचं? त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच आईबाबांनी मला हेच प्रश्न विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. मात्रेचे आकडे दिलेत ते चिठ्ठी वाचता यावी म्हणून. तुमच्या बाळाची मात्रा त्याचं वजन बघून त्याचे डॉक्टरच ठरवतील.

रिपोर्टवर हिमोग्लोबिन ९.१ आहे. किती घाबरायचं?

रात्रीच्या रात्री धावत सुटण्याइतकं नाही, आणि ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणण्याइतकं कमीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या निकषांप्रमाणे सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळाचं हिमोग्लोबिन १०.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. ९.५ ते १०.४ सौम्य, ७ ते ९.४ मध्यम आणि ७ च्या खाली तीव्र. आधी पाच वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना ११ ची एकच रेघ होती आणि बरेच डॉक्टर अजून तीच धरतात. त्यामुळे १०.७ ला एकाने ‘ठीक आहे’ आणि दुसऱ्याने ‘कमी आहे’ म्हटलं, तर गोंधळून जाऊ नका.

रिपोर्टच्या उजवीकडे छापलेली ‘नॉर्मल रेंज’ पुष्कळदा मोठ्या माणसांची असते. तिच्याशी तुलना करून आम्ही पहिली रात्र फुकट घालवली.

बाळ खेळतंय, हसतंय, चांगलं गुटगुटीत आहे. मग रक्त कमी कसं?

हिमोग्लोबिन एका दिवसात पडत नाही. ते महिनोन्‌महिने हळूहळू उतरतं आणि शरीर त्याला सरावत जातं. म्हणून मध्यम रक्तक्षय असलेलं बाळसुद्धा घरभर रांगत असतं. वजनाचंही तसंच. भरपूर दूध पिणारी बाळं गोलमटोल दिसतात, पण दुधात लोह नसल्यातच जमा.

बघायचंच असेल तर दिवसाउजेडी खिडकीपाशी बसा. बाळाचा तळवा उघडून आपल्या तळव्याशेजारी धरा. खालची पापणी हलकेच खाली ओढून आतला भाग लालसर आहे की पांढुरका ते पाहा. गालांवर विसंबू नका, रडून झाल्यावर सगळ्यांचेच गाल लाल दिसतात. फिकटपणाखेरीज विनाकारण किरकिर, भूक मंदावणं, झोपेत चुळबुळ, भिंत किंवा माती चाटणं, रडता रडता श्वास रोखून धरणं हेही कमी लोहामुळे होऊ शकतं. यातलं एकही लक्षण नसताना नुसत्या रक्ततपासणीत सापडणारी बाळंही खूप असतात. अनेक बालरोगतज्ज्ञ वर्षाच्या आसपास एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगतात, ते याचसाठी.

मी अंगावरच पाजते. माझ्या दुधात काही कमी पडलं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय, आणि दर वेळी आवाज खाली आणून. उत्तर ‘नाही’ असं आहे. आता कारण.

बाळ आईच्या पोटात असताना, मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, लोहाचा साठा जमवतं. पूर्ण दिवसांचं, नीट वजनाचं बाळ ही शिदोरी घेऊनच जन्माला येतं आणि ती साधारण चार ते सहा महिने पुरते. आईच्या दुधात लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमही लोह नसतं, पण जे असतं ते फार चांगलं शोषलं जातं आणि शिदोरी आहे तोवर तेवढं भागतं. मग पाचव्या महिन्याच्या आसपास बाळाचं वजन दुप्पट होतं. वजन वाढलं म्हणजे रक्तही वाढलं, आणि नवीन रक्त बनवायला लोह लागतं. साठा संपत येतो आणि मागणी वर जाते, दोन्ही एकाच वेळी. सात ते बारा महिन्यांच्या बाळाला अमेरिकेतल्या शिफारशींनुसार आहारातून दिवसाला ११ मिलिग्रॅम लोह मिळायला हवं. प्रौढ पुरुषाला तिथे ८ सांगतात. म्हणजे आठ किलोच्या बाळाला बापापेक्षा जास्त! कुठल्याही आईचं दूध, ती कितीही सकस खात असली तरी, एवढं पुरवू शकत नाही. आईने आयर्नच्या गोळ्या घेतल्या म्हणून दुधातलं लोह फारसं वाढतही नाही.

म्हणून अंगावर पाजणं चालूच ठेवा, त्याच्या जोडीला सहा महिने झाल्यावर लोह असलेला वरचा आहार सुरू व्हायला हवा. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला चौथ्या महिन्यापासून थोडं लोहाचं औषध द्यावं, असंही काही देशांतले बालरोगतज्ज्ञ सुचवतात.

काही बाळांची शिदोरी मुळातच छोटी असते: दिवस भरण्याआधी जन्मलेली, कमी वजनाची, जुळी, आईलाच गरोदरपणी तीव्र रक्तक्षय असलेली, किंवा नाळ फार घाईने कापलेली. नाळ एक ते तीन मिनिटं थांबून कापली तर तेवढ्या वेळात वारेतलं बरंच रक्त बाळाकडे जातं. कमी दिवसांच्या बाळांना तर महिनाभरातच लोहाचे थेंब सुरू करतात.

यात अपराध कोणाचाच नाही. मात्र आईने स्वतःचं हिमोग्लोबिनही तपासून घ्यावं. बाळाच्या धावपळीत ते कायम राहून जातं.

बाटलीवर दोन वेगवेगळे आकडे आहेत. मात्रा कशावरून मोजायची?

इथे सावकाश वाचा, कारण घरात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

लोह औषधात नुसतं नसतं, क्षाराच्या रूपात असतं. फेरस सल्फेटमध्ये वजनाच्या सुमारे २० टक्के खरं लोह असतं, फेरस फ्युमरेटमध्ये ३३ टक्के, फेरस ग्लुकोनेटमध्ये १२ टक्के. या खऱ्या लोहाला ‘एलिमेंटल आयर्न’ म्हणतात आणि डॉक्टर मात्रा त्यावरच ठरवतात. लेबलवर ‘फेरस सल्फेट १२५ मिग्रॅ, एलिमेंटल आयर्न २५ मिग्रॅ’ असं असेल तर तुमच्या कामाचा आकडा २५.

उपचारासाठी नेहमीची मात्रा दिवसाला किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आसपास असते, कधी ६ पर्यंत. आठ किलोच्या बाळाला ३ च्या हिशेबाने २४ मिलिग्रॅम. ड्रॉप्समध्ये दर मिलिलिटरला २५ मिग्रॅ असेल तर जवळपास १ मिलिलिटर झालं.

आमची चूक सांगते. पहिली बाटली संपली, दुकानात तीच मिळाली नाही म्हणून दुसऱ्या कंपनीची आणली. नाव वेगळं, ड्रॉपर सारखाच, म्हणून आम्ही सवयीने १ मिलिलिटर देत राहिलो. बारा दिवसांनी लेबल वाचलं तर तिच्यात लोह निम्मंच होतं. आमच्या नशिबाने मात्रा कमी पडली. उलट झालं असतं तर? ड्रॉप्स आणि सिरप यांत तर मिलिलिटरमागचं लोह खूपच वेगळं असू शकतं. बाटली बदलली की फार्मासिस्टकडून मात्रा पुन्हा काढून घ्या आणि पेनाने बाटलीवर लिहा. चहाचा चमचा मोजमापाला नको, रेघा आखलेली सिरिंजच हवी.

औषध कधी आणि कसं द्यायचं?

दिवसातून एकदा, दोन दुधांच्या मधल्या वेळेत, पोट जरा रिकामं असताना. दुधाच्या बाटलीत मुळीच मिसळू नका. दुधातलं कॅल्शियम लोह शोषू देत नाही, आणि बाळाने अर्धी बाटली टाकली तर किती औषध गेलं ते कळत नाही. बाळ वरचं खात असेल तर औषधानंतर संत्र्याच्या दोन-तीन फोडींचा गर चालेल, ‘क’ जीवनसत्त्व लोहाला मदत करतं. वर्षाखालच्या बाळाला मधातून औषध चाटवू नका. मधातून बोटुलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो.

एक मात्रा तीन भागांत का विभागत नाहीत, असं मीही विचारलं होतं. एकदा लोह पोटात गेलं की शरीर हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवून पुढचे काही तास आतड्याचं दार लोटून घेतं. मग लगेच दिलेली दुसरी मात्रा बरीचशी वाया जाते. शिवाय दिवसातून तीनदा रडारड कोणाला हवीय?

आता प्रत्यक्ष कसरत. बाळाला मांडीवर अर्धवट बसतं धरा, पाठ तुमच्या पोटाला टेकलेली, डोकं कोपराच्या खळग्यात. सिरिंज समोरून जिभेवर नको, ओठांच्या कोपऱ्यातून गालाच्या आतल्या बाजूला सरकवा. एकदम दाबायचं नाही. थोडंसं सोडा, गिळू दे, मग पुढचं. आडवं झोपवून किंवा नाक दाबून कधीही नाही, ठसका लागून श्वासनलिकेत जाऊ शकतं. गळ्याशी एक जुनं गडद रंगाचं फडकं बांधा. लोहाचे डाग सहज निघत नाहीत. आमच्या सोफ्यावर एक अजून आहे.

थुंकलं किंवा उलटी झाली तर अंदाजाने दुसरी मात्रा देऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करा. एक दिवस राहून गेलं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट द्यायचं नाही, नेहमीचंच चालू ठेवायचं.

शी काळी कुट्ट झालीय!

होणारच. न शोषलेलं लोह बाहेर पडतं, म्हणून शी काळी किंवा गडद हिरवी दिसते. पण डांबरासारखी चिकट, उग्र वासाची असेल, किंवा तिच्यात लाल रक्त दिसलं, तर लगेच दाखवा.

आणि दातांवर काळे डाग पडलेत, त्याचं काय?

वरवरचे डाग आहेत, कायमचे नाहीत. औषध गालाकडून द्या, नंतर दोन घोट पाणी पाजा (सहा महिन्यांवरच्या बाळाला) आणि ओल्या मऊ कापडाने दात पुसा.

औषधाने पोट घट्ट होतंय. बंद करू का?

परस्पर नको. आधी पाहा की घट्टपणा खरंच औषधाने आहे की नव्या घन आहाराने. दोन्ही साधारण एकाच वयात सुरू होतात. १९८५ साली एक वर्षाच्या बाळांवर झालेल्या अभ्यासात किलोमागे ३ मिलिग्रॅम लोह घेणाऱ्या आणि नुसतं खोटं औषध घेणाऱ्या बाळांत पोटाच्या तक्रारी सारख्याच आढळल्या होत्या. तरी तुमचं बाळ कुंथून रडत असेल तर ते खरंच आहे, अभ्यास काहीही म्हणो. डॉक्टर मात्रा थोडी उतरवून हळूहळू चढवतात, किंवा थोड्या खाण्यानंतर द्यायला सांगतात. पाणी आणि फळांचा गर वाढवा.

‘गोड, पोटाला न लागणारं’ म्हणून दुसऱ्या प्रकारचं लोह सुचवलं गेलं तर डॉक्टरांना एवढं विचारा की परिणाम तितकाच मिळेल का. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लहान मुलांना बारा आठवडे साधं फेरस सल्फेट किंवा आयर्न पॉलिसॅकराइड दिलं होतं. हिमोग्लोबिन जास्त वाढलं ते स्वस्त, बेचव फेरस सल्फेटने. अर्थात जे औषध बाळ घेतच नाही त्याचा उपयोग शून्य, हेही खरं. निवड करताना दोन्ही बाजू डॉक्टरांसमोर ठेवा.

किती दिवसांत फरक पडतो? औषध कधी थांबवायचं?

मला या पानावर एकच प्रश्न ठेवायला सांगितला असता तर मी हा ठेवला असता.

चिडचिड आणि भूक काही दिवसांतच सुधारते. आमच्याकडे सहाव्या दिवशी मुलीने वाटीकडे स्वतःहून हात केला. आठवडा-दहा दिवसांत रक्तात नवीन लाल पेशी वाढलेल्या दिसतात. त्यांना रिपोर्टवर रेटिक्युलोसाइट म्हणतात. चार आठवड्यांत हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅमने वाढायला हवं. वाढलं, तर कमतरता लोहाचीच होती आणि औषध लागू पडतंय, दोन्ही गोष्टी एकदम सिद्ध होतात.

मग हिमोग्लोबिन ठीक येतं आणि घरात सगळे सुटकेचा श्वास टाकतात. नेमकं इथेच आम्ही घसरलो. ११.३ आलं, आम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. रोजच्या लढाईला कंटाळलेले होतोच, औषध बंद केलं. चार महिन्यांनी पुन्हा ९.६.

झालं असं की हिमोग्लोबिन म्हणजे हातातले खर्चाचे पैसे, आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, ही बँकेतली शिल्लक. तंगी आली की शिल्लक आधी संपते, हातातले पैसे सगळ्यात शेवटी. आणि भरताना शरीर आधी हात भरतं, बँक नंतर. म्हणजे हिमोग्लोबिन नॉर्मल दिसतं त्या दिवशी बँक जवळजवळ रिकामीच असते. ती भरायला आणखी दोन-तीन महिने औषध चालू ठेवावं लागतं. एकूण चार ते सहा महिन्यांची तयारी ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलाचं फेरिटिन १२ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली असेल तर साठा संपलेला धरतात. पण सर्दी-तापात फेरिटिन खोटं वर जातं, तेव्हा आजारात ही रेघ ३० वर ठेवतात. बाळ आजारी असताना केलेल्या तपासणीत फेरिटिन ‘छान’ दिसलं तर त्यावर खूश होऊ नका.

दुसऱ्या खेपेला आम्ही फ्रिजवर कागद लावला आणि औषध दिलं की त्यावर फुली मारायची असं ठरवलं. सकाळी तिच्या बाबाने द्यायचं, मी नाही. कारण ‘तू दिलंस ना?’ ‘मला वाटलं तू दिलंस’ या संवादात आमचे किती दिवस बुडाले असतील याचा हिशेब नाही. दोघांनी दोनदा देण्याचा धोकाही त्या कागदाने टळला.

महिनाभर नियमित दिलं, तरी हिमोग्लोबिन हललं नाही. का?

आधी साध्या गोष्टी तपासा: मात्रा वाढत्या वजनाला पुरते का, औषध खरंच पोटात जातं की फडक्यावर, दुधाबरोबर दिलं जातं का, मधे बाळ आजारी होतं का. बहुतेक वेळा कारण यांतच सापडतं.

सापडलं नाही, तर डॉक्टर पुढे बघतात: आतड्यातून नकळत रक्त जाणं, जंत, सीलिॲक आजार (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारी इजा), आणि थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक असणं. वाहक बाळाच्या लाल पेशीही लहान आणि फिकट असतात, त्यामुळे रिपोर्ट पहिल्या नजरेत लोहाच्या कमतरतेसारखाच वाटतो. एक ढोबळ खूण अशी की रिपोर्टवरच्या एमसीव्हीला (लाल पेशींचा सरासरी आकार) लाल पेशींच्या संख्येने, म्हणजे दशलक्षांच्या आकड्याने, भागायचं. उत्तर १३ पेक्षा कमी आलं तर थॅलेसेमियाच्या वाहकाची शंका, जास्त आलं तर लोहाची कमतरता. उदाहरणार्थ एमसीव्ही ६२ आणि पेशी ५.६ असतील तर ११ येतं. एमसीव्ही ६४ आणि पेशी ४.१ असतील तर साडेपंधराच्या वर. हा मेंट्झर निर्देशांक १९७३ सालचा. तो फक्त दिशा दाखवतो, निदान हिमोग्लोबिनच्या वेगळ्या तपासणीनेच होतं. लोह फार कमी असताना ती तपासणी फसवी येऊ शकते, म्हणून काही वेळा आधी लोह भरून मग ती करतात. वाहक असणं हा आजार नाही, पण माहीत असणं गरजेचं. वर्षानुवर्षं उगाच लोह ढकललं जात नाही.

गाईचं दूध द्यायचं की नाही?

वर्षाच्या आत पिण्यासाठी नको. त्यात लोह नगण्य असतं, त्यातलं कॅल्शियम आणि केसीन नावाचं प्रथिन इतर अन्नातलं लोहही शोषू देत नाहीत, आणि काही तान्ह्या बाळांच्या आतड्यातून त्यामुळे डोळ्यांना न दिसणारं रक्त झिरपतं. आईचं दूध मिळत नसेल तर वर्षापर्यंत लोहयुक्त फॉर्म्युला द्यावा.

वर्षानंतर द्या, पण दिवसाला अर्ध्या लिटरच्या आसपास थांबा. मला विचारणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं बाळ सव्वा-दीड वर्षाचं असतं, दिवसाला लिटरभर दूध पितं आणि ‘जेवतच नाही’. पोट दुधाने भरलंय, जेवेल कसं? रात्रीची बाटली आधी कमी करा. तीन-चार रात्री कठीण जातात, मग सकाळी भूक लागते.

खायला काय द्यायचं? पालक, बीट, सफरचंद देतोय.

या तिघांची कीर्ती त्यांच्या लोहापेक्षा बरीच मोठी आहे. पालकात लोह आहे, पण त्याच पानातली इतर द्रव्यं ते सोडत नाहीत. बीट लाल आहे एवढंच, शंभर ग्रॅममध्ये लोह एक मिलिग्रॅमही नाही. आणि कापलेलं सफरचंद तपकिरी होतं ते लोह गंजल्यामुळे नव्हे, त्यातल्या विकरांची हवेशी प्रक्रिया होते म्हणून. तिन्ही खुशाल द्या, पण औषध समजून नको.

लोह दोन प्रकारचं. मांस, कोंबडी, मासे यांतलं हीम लोह सहज शोषलं जातं. डाळी, कडधान्यं, पालेभाज्या, अंडं यांतलं बिगर-हीम लोह सोबत काय खाल्लं त्यावर अवलंबून असतं. घरात मांसाहार चालत असेल तर सहा महिन्यांनंतर मऊ शिजवून बारीक केलेलं मांस सुरू करता येतं. त्याचं नुसतं पाणी पाजून उपयोग नाही, लोह गरात असतं. कलेजीत लोह खूप, पण ‘अ’ जीवनसत्त्वही अति, म्हणून आठवड्यातून एखाद्या वेळी अगदी थोडी.

शाकाहारी घरात मऊ डाळ आणि कडधान्यं हा पाया. शिजवलेल्या मसुरीच्या शंभर ग्रॅममध्ये तीन मिलिग्रॅमच्या वर लोह असतं. कडधान्यं भिजवून, मोड आणून शिजवली तर लोह अडवणारे फायटेट कमी होतात. त्यावर लिंबाचे दोन थेंब किंवा सोबत टोमॅटो, पेरू, संत्रं. लोह घातलेलं बाळांचं तयार तृणधान्यही चांगलं, पाकिटावरचा आकडा वाचून घ्या. चहा तर बाळाला नकोच, बिस्किट बुडवूनही नाही.

हेही सांगायला हवं की रक्तक्षय एकदा झाला की नुसत्या आहाराने तो भरून निघत नाही. आठ किलोच्या बाळाला २४ मिलिग्रॅम लोह मसुरीतून द्यायचं तर रोज पाऊण किलो शिजवलेली डाळ लागेल. आहार आहे तो पुन्हा कमतरता होऊ नये म्हणून.

बाळाच्या बुद्धीवर परिणाम झाला असेल का?

हा विचार मध्यरात्री येतो, मलाही आला. पहिल्या दोन वर्षांत मेंदूतल्या तंतूंवर आवरण चढत असतं, त्याला लोह लागतं. कोस्टा रिकामध्ये संशोधक बेट्सी लोझॉफ यांनी बाळांचा तरुणपणापर्यंत पाठपुरावा केला. तान्हेपणी दीर्घकाळ, तीव्र कमतरता राहिलेली मुलं पुढेही काही चाचण्यांत मागे पडलेली दिसली. पण अशा मुलांच्या घरची गरिबी आणि इतर अडचणी त्यात किती मिसळल्या आहेत ते पूर्ण वेगळं काढता येत नाही, आणि एका बाळाचं भविष्य अशा सरासरीवरून सांगता येत नाही. यातून मी घेतलं ते इतकंच: आज सापडलंय, आजपासून द्यायचं. बसणं, चालणं, बोलणं याबद्दल शंका असेल तर पुढच्या भेटीत स्पष्ट विचारा. आणि बाळाशी बोला, खेळा. अशक्त बाळ कमी हालतं, कमी मागतं, म्हणून आपणही नकळत त्याच्याशी कमी खेळतो.

इंजेक्शन किंवा रक्त द्यावं लागेल का?

बहुतेकांना नाही. औषध पोटात टिकतच नसेल किंवा आतडं शोषतच नसेल तर शिरेतून लोह देतात. रक्त देण्याची वेळ हिमोग्लोबिन फारच खाली, ५ च्या आसपास, गेलं किंवा हृदयावर ताण आला तरच येते, आणि तेही अगदी सावकाश देतात.

थांबू नये अशा खुणा: धाप लागणं, दूध पिताना घाम येऊन दमणं, पिणंच सोडणं, ओठ-तळवे कागदासारखे पांढरे पडणं, उठवूनही नीट जागं न होणं. यांतलं काही दिसलं तर वेळ न बघता रुग्णालयात जा.

ताप आला तर औषध चालू ठेवायचं?

साध्या सर्दीत चालू ठेवतात. मोठ्या संसर्गात लोह तसंही नीट शोषलं जात नाही, तेव्हा डॉक्टर काही दिवस थांबवू शकतात. मलेरिया असलेल्या भागात राहत असाल तर ते आधीच सांगा. ताप उतरल्यावर पुन्हा सुरू करायची तारीख विचारून घ्या, नाहीतर ‘थोडे दिवस’ महिनाभर लांबतात.

मोठ्या मुलाच्या हाती बाटली लागली. थोडं प्यायला असेल. काय करू?

वाचत बसू नका, लगेच निघा. जास्त लोह लहान मुलाला विष आहे. किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर पोटात गेलं तर त्रास सुरू होऊ शकतो, ६० च्या वर जीव धोक्यात येतो. आधी उलट्या, जुलाब, कधी रक्त. मग काही तास मूल बरं झाल्यासारखं दिसतं, आणि हाच काळ फसवा असतो, कारण त्यानंतर प्रकृती एकदम ढासळू शकते. उलटी करवू नका. बाटली सोबत न्या, किती उरलंय ते डॉक्टरांना दिसेल.

आईच्या आयर्नच्या गोळ्यांचंही हेच. त्या रंगीत, गोड पापुद्र्याच्या असतात आणि खाऊच्या गोळ्यांसारख्याच दिसतात. उशाशी नको, पर्समध्ये नको, कुलपात. धाकट्यासाठी आणलेले थेंब थोरल्याला ‘टॉनिक’ म्हणून देणंही नको.

पुढच्या तपासणीला जाताना काय लक्षात ठेवू?

सुरू असलेली बाटली आणि सिरिंज घेऊन जा, ‘तो तपकिरी डबा’ यावरून कोणालाच काही कळत नाही. बाळाचं आजचं वजन करून घ्या, दोन महिन्यांत ते वाढलेलं असतं आणि मात्रा जुनीच राहते. बोट किंवा टाच टोचून फार पिळून काढलेल्या रक्तात हिमोग्लोबिन चुकीचं कमी येऊ शकतं, म्हणून आकडा अनपेक्षित आला तर शिरेतून पुन्हा तपासायला सांगा. रक्त घेताना बाळाला तुम्हीच धरा, हात उबदार ठेवा, झाल्यावर लगेच अंगावर घ्या. आणि निघण्यापूर्वी एक प्रश्न नक्की विचारा: ‘साठा भरलाय का, की फक्त हिमोग्लोबिन?’ आम्ही पहिल्या खेपेला तो विचारला नव्हता.